न नोंदवलेला उजेड

१८९७-९८ च्या हिवाळ्यात म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा मेडिकलचा एक विद्यार्थी पॅरामिशियम मारत होता. पॅरामिशियम म्हणजे डबक्याच्या पाण्यात सापडणारा, सूक्ष्मदर्शकाखाली चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा एकपेशीय जीव. राबचे प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर औषधशास्त्रातले. मलेरियाचा परजीवीसुद्धा एकपेशीयच, तेव्हा कोणती रसायनं अशा जिवांना मारतात ते पाहावं, असा त्या कामाचा रोख होता. राबच्या वाट्याला अ‍ॅक्रिडीन आलं. डांबरापासून मिळणारं हे रसायन पाण्यात विरघळवलं की निळसर चमकतं.

प्रयोग अगदी सरळ होता. अ‍ॅक्रिडीनचं खूप पातळ द्रावण करायचं, त्यात पॅरामिशियम सोडायचे आणि ते मरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पण उत्तर काही स्थिर येईना. एखाद्या दिवशी ते तास-दीड तासात मरत, तर दुसऱ्या दिवशी त्याच द्रावणात कित्येक तास मजेत पोहत राहत. द्रावण तेच, तापमान जवळपास तेच, जीवही त्याच पाण्यातले. या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जाते: जीव मरेनात त्या दिवशी बाहेर वादळ होतं आणि आभाळ काळं झालं होतं. खोलीतला उजेड रोजच्यापेक्षा कमी होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि आमच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा इंजिनियर शोधून सापडणार नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा कुणी नोंदवायची तसदी घेतली नाही अशा एखाद्या गोष्टीत असतो. राबच्या काळात प्रयोगवहीत तापमान लिहीत, प्रमाण लिहीत, वेळ लिहीत. खोलीत उजेड किती होता ते कोण कशाला लिहील? उजेड हा काही प्रयोगाचा भाग नव्हता, तो फक्त बघण्यासाठी होता.

राबचं मोठेपण असं की त्याने विचित्र आकडे फेकून दिले नाहीत. त्याने एकेक शक्यता वेगळी केली. नुसत्या उजेडात पॅरामिशियम मरत नव्हते. अंधारात ठेवलेल्या अ‍ॅक्रिडीनमध्येही लवकर मरत नव्हते. अ‍ॅक्रिडीनवर आधी उजेड टाकून मग त्यात जीव सोडले, तरीही विशेष काही घडेना. म्हणजे उजेडाने द्रावणात कायमचं विष तयार होत होतं असंही नाही. जीव, रंग आणि उजेड तिन्ही एकाच वेळी एका जागी आले तरच मरण. १९०० साली त्याने हे छापलं आणि असा अंदाज मांडला की प्रकाशाची ऊर्जा हे रसायन पकडतं आणि पुढे देतं. वनस्पतींमध्ये हरितद्रव्य काहीसं असंच करतं.

कॅन्सरच्या गाठीत प्रकाशाने जागं होणारं औषध पोचवायचं, मग तिच्यावर प्रकाश टाकून ती एकतर पाहायची किंवा मारायची, या आजच्या तंत्राची सुरुवात इथे आहे. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. नाव नवं वाटतं, पण ते टापायनर यांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेलं आहे. या तंत्राचा इतिहास मला दोन कारणांसाठी महत्त्वाचा वाटतो. एक, ते तीन-चार वेळा सापडलं आणि तितक्याच वेळा बाजूला पडलं. दुसरं, आज ‘लाइटने कॅन्सर बरा होतो’ असे मेसेज घरोघरच्या फोनवर फिरतात तेव्हा त्यात खरं किती आणि पोकळ किती, हे या इतिहासाशिवाय कळत नाही.

बावचीचा मोह

हा इतिहास म्युनिकपासून सुरू केला की आपल्याकडे कुणीतरी बावचीची आठवण काढतंच, आणि ती काढायलाही हवी. कोडावर, म्हणजे आयुर्वेदातल्या श्वित्रावर, बावचीचं बी वापरायचं आणि अंगावर ऊन घ्यायचं ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. यात दंतकथा काही नाही. बावचीचं शास्त्रीय नाव सोरालिया कोरिलिफोलिया. १९३३ साली जोइस आणि मंजुनाथ या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून जे द्रव्य वेगळं केलं, त्याचं सोरालेन हे नाव त्या वनस्पतीवरूनच आलं. उजेड आणि औषध मिळून काहीतरी करतात, एकेकटं नाही, हे निरीक्षण आपल्याकडे होतं हे निःसंशय.

पण ‘आमच्याकडे सगळं होतंच’ असं म्हणून थांबलो तर खरी गंमत हातची जाते. सोरालेन काम करतं ते वेगळ्या वाटेने. ते पेशीतल्या डीएनएच्या दोन पदरांमध्ये शिरतं आणि अतिनील किरण पडले की त्यांना एकमेकांना जखडून टाकतं. राबच्या रंगांना जशी ऑक्सिजनची गरज लागते तशी याला लागत नाही. ही दुसरी वाटही पुढे कॅन्सरपर्यंत पोचलीच: त्वचेत पसरणाऱ्या एका प्रकारच्या लिम्फोमावर रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशींवर सोरालेनच्या कुळातलं औषध आणि अतिनील प्रकाश टाकायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या, हा उपचार अमेरिकेत एडलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. बावचीचा मान तिचा तिला द्यावा. राबची वाट मात्र वेगळी आहे.

१९०३ चं साल

राबचे निष्कर्ष हाती येताच टापायनर यांना त्यातला वैद्यकीय उपयोग दिसला. त्याच सुमाराला फ्रान्समधून एक वेगळीच बातमी आली होती. ज्यां प्रिम नावाच्या डॉक्टरने फेफऱ्याच्या रुग्णांना इओसिन पोटातून दिलं होतं. इओसिन म्हणजे लाल शाईतला रंग. त्या रुग्णांच्या अंगाचा जो भाग उन्हात उघडा राहिला, तिथली त्वचा सुजली. औषधाचा हा दुष्परिणाम होता. टापायनर यांच्या दृष्टीने तोच परिणाम होता.

१९०३ साली टापायनर आणि त्वचारोगतज्ज्ञ येझिओनेक यांनी त्वचेच्या कॅन्सरवर इओसिन लावून त्या जागेवर प्रकाश टाकला. काही रुग्णांच्या गाठी विरल्या. पुढच्याच वर्षी टापायनर आणि योडलबाउर यांनी दाखवून दिलं की रंग आणि उजेड एवढंच पुरत नाही, ऑक्सिजनही लागतो. तिसरा गडी असा सापडला. रंग, उजेड आणि हवा, तिघांपैकी एकजरी गैरहजर असेल तर काही होत नाही.

त्याच १९०३ साली वैद्यकाचं नोबेल पारितोषिक प्रकाशोपचारालाच मिळालं, पण म्युनिकला नाही. ते मिळालं कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना. त्वचेच्या क्षयरोगाने तेव्हा माणसांचे चेहरे विद्रूप होत. फिन्सेन यांनी कार्बनच्या विजेच्या दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून त्या जखमा बऱ्या केल्या होत्या. ते स्वतः फार आजारी होते आणि पुढच्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. अतिनील किरण जंतू मारतात, अशी समजूत त्या उपचाराबद्दल रूढ झाली. जवळपास शंभर वर्षांनी, २००५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी भिंगं आणि गाळण्या तपासल्या, तेव्हा लक्षात आलं की लहान तरंगलांबीचे अतिनील किरण त्या काचेतून पार होतच नव्हते. मग जंतू मरत कशाने? क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. त्यांच्यावर दृश्य प्रकाश पडून ऑक्सिजनच्या मदतीने जंतू मरत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे टापायनर ज्याचा सिद्धांत मांडत होते, तेच फिन्सेन बहुधा नकळत करत होते. एकाच साली दोन शहरांत दोघं एकाच यंत्रणेवर हात ठेवून होते आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

स्वतःवरचा प्रयोग

पॉर्फिरिन हे या कथेतलं मुख्य पात्र. चार छोट्या कड्या एकमेकींना जोडून झालेली ही एक मोठी कडी. मध्यभागी लोह बसवलं की ते हीम होतं, रक्ताला लाल करणारं. तशाच कडीत थोडे बदल करून मध्यभागी मॅग्नेशियम बसवलं की हरितद्रव्य. रक्त आणि पान ही एका घरातली भावंडं आहेत. रक्तातलं लोह आम्लाने काढून टाकलं की हिमॅटोपॉर्फिरिन उरतं, आणि ते उजेडात लालभडक चमकतं. व्हिएन्नात वॉल्टर हाउसमान यांनी ते उंदरांना टोचून पाहिलं होतं. अंधारातले उंदीर ठीक राहत, उजेडातले मरत.

माणसाचं काय होईल? जर्मन डॉक्टर फ्रीडरिश मायर-बेट्स यांनी ऑक्टोबर १९१२ मध्ये हिमॅटोपॉर्फिरिनचं इंजेक्शन स्वतःच्याच शिरेत घेतलं. मात्रा होती २०० मिलिग्रॅम. नंतर ते उन्हात गेले. चेहरा आणि हात असे सुजले की त्यांचा प्रयोगाआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर माणूस एकच आहे यावर विश्वास बसत नाही. उन्हाचा हा त्रास त्यांना दोन महिन्यांहून अधिक काळ होत राहिला.

आज कुठलीही नैतिकता समिती असा प्रयोग मंजूर करणार नाही. पण त्यातून दोन गोष्टी कळल्या. हे द्रव्य माणसाच्या शरीरातही प्रकाशाने जागं होतं, आणि एकदा आत गेलं की आठवडेच्या आठवडे मुक्काम करतं. दुसरी गोष्ट या उपचाराची कायमची डोकेदुखी ठरली.

१९२४ साली लियॉंमध्ये पोलिकार यांनी उंदरांच्या गाठींवर अतिनील दिवा धरला, तेव्हा काही गाठी बाहेरून काहीही टोचलेलं नसताना लाल चमकल्या. १९४२ मध्ये बर्लिनमध्ये आउलर आणि बान्झर यांनी दाखवलं की टोचलेलं हिमॅटोपॉर्फिरिन गाठीत जास्त साठतं. कॅन्सरला जणू स्वतःला रंगवून घ्यायची खोड होती. तरीही रुग्णांपर्यंत काही पोचलं नाही.

सत्तर वर्षं वाया गेली का?

या विषयावरच्या लिखाणात एक हळहळ नेहमी दिसते: १९०३ ला सापडलेलं तंत्र १९७० च्या दशकापर्यंत पडून राहिलं, केवढं नुकसान! मला ही हळहळ अर्धीच खरी वाटते.

क्ष-किरण १८९५ चे, रेडियम १८९८ चं. दोन्ही शरीरात खोल शिरत. इओसिनला लागणारा हिरवा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरातच अडतो. १९०५ सालच्या डॉक्टरने यातून क्ष-किरण निवडले असतील तर त्याला दोष देता येत नाही. शरीराच्या आत प्रकाश न्यायला ऑप्टिकल फायबर नव्हता. एकाच रंगाचा जोरदार प्रकाश देणारा लेझर १९६० साली तयार झाला. आणि औषधाबद्दल तर मोठाच घोळ होता.

तो घोळ मिनेसोटाच्या सॅम्युअल श्वार्ट्झ यांनी १९५० च्या दशकात उघडकीला आणला. बाजारात हिमॅटोपॉर्फिरिन म्हणून जे मिळत होतं ती बऱ्याच द्रव्यांची खिचडी होती. त्यांनी ती शुद्ध केली, तर शुद्ध हिमॅटोपॉर्फिरिन गाठीत फारसं थांबेचना. गाठीत टिकत होती ती खिचडीतली इतर द्रव्यं. मग त्यांनी उलटी चाल खेळली. सल्फ्युरिक आणि अ‍ॅसिटिक आम्लाची प्रक्रिया करून त्यांनी मुद्दाम वेगळं मिश्रण बनवलं, हिमॅटोपॉर्फिरिन डेरिव्हेटिव्ह. पन्नास वर्षं लोकांच्या प्रयोगांचे निकाल जुळत नव्हते, कारण प्रत्येकाच्या बाटलीत वेगळंच काहीतरी होतं. राबच्या प्रयोगात जशी उजेडाची नोंद नव्हती, तशी इथे भेसळीची नव्हती, आणि भेसळ हेच औषध होतं.

खरं नुकसान मला दुसरीकडे दिसतं. १९३१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स काउट्स्की यांनी एक देखणा प्रयोग केला. सिलिकाच्या काही कणांवर त्यांनी प्रकाश पकडणारा रंग बसवला, तोही राबच्या अ‍ॅक्रिडीनच्याच कुळातला. वेगळ्या कणांवर दुसरं, रंगहीन द्रव्य बसवलं. दोन्ही कण एकत्र मिसळले. रंग आणि द्रव्य आता एकमेकांना शिवूच शकत नव्हते. तरीही उजेड आणि थोडासा ऑक्सिजन मिळताच रंगहीन द्रव्याचं रूपांतर होऊन ते रंगीत झालं. म्हणजे एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत काहीतरी हवेतून जात होतं. काउट्स्की म्हणाले, हा ऊर्जेने पेटलेला ऑक्सिजनच आहे. बहुतेकांनी ते मानलं नाही. १९६४ मध्ये फूट आणि वेक्सलर यांच्या कामानंतर ते मान्य झालं. आज त्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात. ऑक्सिजन लागतो हे १९०४ ला कळलं होतं. तो नेमकं काय करतो हे मान्य व्हायला साठ वर्षं लागली. उपकरण नव्हतं म्हणून काम थांबलं तर ते समजू शकतं. पुरावा समोर असून तो नाकारला गेला, त्याला वाया गेलेली वर्षं म्हणावं.

बफेलोतला योगायोग

१९६० च्या सुमाराला मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड लिप्सन आणि एडवर्ड बाल्डेस यांनी श्वार्ट्झ यांचं मिश्रण रुग्णांना देऊन गाठी शोधायला सुरुवात केली. प्रकाश टाकला की गाठ लाल चमकते, तीच तिची खूण. १९६६ साली लिप्सन यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्णावर याच मार्गाने उपचारही केले. पण काम तिथेच थबकलं.

मग थॉमस डॉगर्टी आले. ते मुळात रसायनशास्त्रज्ञ, ड्यूपाँ कंपनीतून बफेलोच्या रॉसवेल पार्क या कॅन्सर संस्थेत आलेले. पेशी जिवंत आहे की मेली हे ओळखायला फ्लुरेसिनचं एक संयुग वापरतात; जिवंत पेशी त्याने हिरवी चमकते. असा रंग घेतलेल्या पेशी उजेडात मरतात, हे डॉगर्टी यांच्या लक्षात आलं. जी तपासणी पेशी जिवंत असल्याचं सांगायची, तीच उजेडात तिला मारत होती. जुनं साहित्य चाळल्यावर त्यांना राब आणि टापायनर भेटले. सत्तर वर्षांनी तोच योगायोग, आणि कारणही तेच: खोलीतला उजेड.

यावेळी मात्र पुढची पावलं टाकायला जमीन तयार होती. फ्लुरेसिनला निळा प्रकाश लागतो, तो मांसात शिरत नाही. म्हणून डॉगर्टी श्वार्ट्झ यांच्या मिश्रणाकडे आणि लाल प्रकाशाकडे वळले. हात टॉर्चवर धरला की बोटं लाल दिसतात, कारण रक्तामांसातून लालच त्यातल्या त्यात पार होतो. १९७५ ला उंदरांच्या गाठी बऱ्या झाल्या. १९७६ मध्ये त्यांच्याच गटाने सिंग्लेट ऑक्सिजन हाच मारेकरी असल्याचं मांडलं. १९७८ मध्ये माणसांवरचे निकाल आले: २५ रुग्ण, त्वचेतल्या ११३ गाठी, त्यांपैकी १११ पूर्ण किंवा अंशतः विरल्या.

या मिश्रणाचं अधिक शुद्ध रूप म्हणजे फोटोफ्रिन. १९९३ साली कॅनडाने मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी त्याला परवानगी दिली. १९९५ साली अमेरिकेने दिली ती अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी, गिळता येत नाही अशा रुग्णांची वाट मोकळी करायला. राबनंतर पंचाण्णव वर्षांनी औषध दुकानात आलं, आणि आलं तेही मुख्यतः बरं करायला नव्हे, घास उतरावा म्हणून. हे मी हिणवायला सांगत नाही. ज्याला पाण्याचा घोट उतरत नाही त्याच्यासाठी ती लहान गोष्ट नाही.

एका रेणूचे दोन रस्ते

बघणं आणि मारणं ही दोन कामं एकच रसायन कसं करतं? रंगाच्या रेणूने प्रकाश पिला की तो पेटतो, आणि मग त्याच्यापुढे मुख्यतः दोन रस्ते असतात. एक, ऊर्जा पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर टाकायची. हा फ्लुओरेसन्स, आणि डॉक्टरला गाठ दिसते ती यामुळे. दोन, थोडा वेळ धरून ठेवून ती शेजारच्या ऑक्सिजनला द्यायची. हा सिंग्लेट ऑक्सिजन, आणि पेशी मरते ती यामुळे. पेटलेला ऑक्सिजन पेशीत एका मायक्रॉनपेक्षाही कमी अंतर जाऊन विझतो. पेशी स्वतः दहा-वीस मायक्रॉनची. म्हणजे घाव जिथल्या तिथे. शेजारच्या पेशीत औषध नसेल तर ती वाचते.

या उपचाराची ताकद आणि मर्यादा इथे एकत्र दिसतात. लाल प्रकाशही परिणाम करतो तो साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर खोलीपर्यंत. यकृतात, हाडात, फुप्फुसात विखुरलेल्या कॅन्सरपर्यंत तो पोचत नाही, आणि कॅन्सरने माणूस बहुतेकदा मरतो तो या विखुरण्यानेच. ‘प्रकाशाने कॅन्सर बरा’ असा मेसेज आला की हा सेंटीमीटर आठवावा.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर फोटोफ्रिनचं इंजेक्शन घेतल्यावर ४० ते ५० तास थांबून लेझर दिला जातो, आणि त्यानंतर किमान ३० दिवस ऊन टाळायचं असतं. मायर-बेट्स यांचा सुजलेला चेहरा या सूचनेमागे उभा आहे. नेहमीचं सनस्क्रीन उपयोगाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि इथे घात करतो तो साधा दृश्य प्रकाश. गंमत अशी की रुग्णाने अंधाऱ्या खोलीत बसू नये असंही सांगितलेलं असतं. घरातल्या मंद उजेडात त्वचेतलं औषध हळूहळू विझत जातं. अंधारात ते तसंच जागं होण्याची वाट बघत राहतं.

यातून सुटकेची एक वाट कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये केनेडी आणि पॉटियर यांनी १९९० मध्ये दाखवली. तयार पॉर्फिरिन टोचायचंच कशाला? शरीर हीम बनवतंच. त्या साखळीतला कच्चा माल, अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल किंवा थोडक्यात एएलए, जास्तीचा दिला तर पेशी स्वतःच पॉर्फिरिन बनवते. शेवटच्या पायरीला त्यात लोह बसवायचं असतं, आणि अनेक कॅन्सरपेशी तिथे मागे पडतात. माल साठत जातो आणि पेशी चमकू लागते. एक-दोन दिवसांत तो संपतोही. महिनाभर पडद्याआड राहायची शिक्षा वाचते.

एएलएचा सगळ्यात मोठा उपयोग मेंदूच्या शस्त्रक्रियेत झाला. ग्लायोमाची गाठ आणि निरोगी मेंदू यांची सीमा पांढऱ्या प्रकाशात सर्जनला धड दिसत नाही. जर्मनीत वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनआधी रुग्णाला एएलए पाजलं आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा निळा-जांभळा केला. गाठ लालसर चमकली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. सहा महिने आजार न वाढलेल्यांचं प्रमाण २१ वरून ४१ टक्के झालं. मात्र एकूण आयुष्य वाढल्याचं त्या चाचणीत स्पष्टपणे दिसलं नाही. हे तिसरं वाक्य पहिल्या दोनांइतकंच महत्त्वाचं आहे, आणि जाहिरातींत नेमकं तेच गळतं. अमेरिकेने या वापराला २०१७ साली परवानगी दिली.

नंतरच्या पिढीत हिसाताका कोबायाशी यांनी २०११ मध्ये कॅन्सरपेशी ओळखणाऱ्या अँटिबॉडीलाच रंग जोडला, म्हणजे पत्ता लिहिलेलं औषध. निअर-इन्फ्रारेड प्रकाश पडताच त्या पेशीचं आवरण फुटतं. इथे भर ऑक्सिजनवर नसून रंगाचा रेणूच रूप बदलतो, यावर आहे. जपानने २०२० मध्ये डोके आणि मानेच्या, ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता दिली.

नोंदवहीत काय लिहायचं

एवढं होऊनही हे तंत्र सर्रास वापरात का नाही? खोलीची मर्यादा सांगितलीच. लेझर महाग, आणि तो चालवणारी माणसं मोजकी. पण एक कारण असं आहे की त्यात राब पुन्हा भेटतो. क्ष-किरणांचा डोस मोजता येतो. इथे डोस तीन गोष्टींचा: गाठीत औषध किती, प्रकाश किती पोचला आणि त्या क्षणी ऑक्सिजन किती होता. तिन्ही दर मिनिटाला बदलतात. प्रकाश जोरात दिला तर ऑक्सिजन लगेच संपतो आणि उपचार मधेच ठप्प होतो. म्हणून कधीकधी मंद किंवा थांबून-थांबून दिलेला प्रकाश जास्त काम करतो. एकाच पद्धतीचे निकाल दोन ठिकाणी वेगळे येण्यामागे अजूनही बऱ्याचदा न मोजलेली गोष्ट असते.

म्हणून मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते अलिगढचं काम. तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्या आपल्या देशात तोंडाचा कॅन्सर घराघरात ओळखीचा आहे, आणि तोंड ही अशी जागा आहे जिथे प्रकाश सहज पोचतो. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आणि मॅसॅच्युसेट्समधले संशोधक यांनी मिळून सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरवर एएलए आणि बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा वापरून पाहिला. लेझर नाही, विजेचा भरवसा लागत नाही. सोबत स्मार्टफोनला जोडलेलं साधं उपकरण. ते उपचाराआधी आणि नंतर गाठीच्या चमकण्याचा फोटो घेतं. चमक जितकी विझली तितकं औषध खर्ची पडलं, असा त्याचा हिशेब. ही छोट्या संख्येवरची सुरुवात आहे, तिच्यावरून दावे करू नयेत. ऑपरेशन आणि रेडिएशनची जागा ती आज घेत नाही, आणि तोंडात बरी न होणारी जखम असलेल्या माणसाने कुठल्या दिव्याची वाट पाहत बसू नये, डॉक्टर गाठावा.

पण त्या फोनमध्ये मला एकशे पंचवीस वर्षांच्या या इतिहासाचा धडा दिसतो. प्रत्येक वेळी गाडी अडली ती न नोंदवलेल्या गोष्टीपाशी: आधी उजेड, मग भेसळ, मग पेटलेला ऑक्सिजन. अलिगढच्या त्या उपकरणात महागडं असं काही नाही. दिवा लावायच्या आधी आणि विझवल्यानंतर काय होतं ते ते लिहून ठेवतं, इतकंच. राबनेही तेवढंच केलं होतं.